कोकणचं मत गावी परतलं, पण कुणाच्या हाती?

२०१४ साली कुडाळ विधानसभा मतदारसंघात नारायण राणे हरले. ते काँग्रेसच्या पंजावर उभे होते आणि त्यांना हरवणारे वैभव नाईक शिवसेनेच्या धनुष्यबाणावर. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याच कुडाळात राण्यांचे चिरंजीव नीलेश धनुष्यबाण घेऊन उभे राहिले. मधल्या काळात शिवसेना फुटली होती; नाईकांच्या हाती उद्धव ठाकरे गटाची मशाल होती, आणि या वेळी नाईक पडले. चिन्हाकडे पाहिलं तर कुडाळ जागचं हललं नाही. माणसांकडे पाहिलं तर मतदारांनी साफ कूस बदलली.

कोकणचा कौल वाचताना म्हणूनच गोंधळ होतो. ‘कोकण फिरलं’ म्हणणारेही बरोबर ठरतात आणि ‘कोकण सेनेचंच’ म्हणणारेही. माझ्या मते दोघेही चुकीच्या जागी पाहतात. दक्षिण कोकणातल्या घराला अडीनडीला कोण उपयोगी पडतं, हे पाहिलं की त्या घराचं मत कुठे जाणार ते कळतं. हा उपयोगी पडणारा माणूस गेल्या सत्तर वर्षांत दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा पक्षही बदलला.

राजापूर लोकसभा मतदारसंघ घ्या. बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा इथून निवडून आले. त्यांच्यानंतर मधु दंडवते १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच निवडणुका जिंकले. उरलेल्या महाराष्ट्रात काँग्रेसचा दबदबा असताना हा कोपरा समाजवाद्यांना दिल्लीत पाठवत राहिला. तो केवळ या दोघांच्या वक्तृत्वामुळे आणि निःस्पृहपणामुळे नव्हे, जरी त्या दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस उभी होती ती साखर कारखाना, सोसायटी आणि जिल्हा बँक यांवर. ऊसवाल्याचं बिल, कर्ज आणि पोराची नोकरी एकाच दारातून यायची. कोकणात ते दार कधी उघडलंच नाही. भातखाचराचे तुकडे, वर कातळ आणि घरातला कर्ता पुरुष गिरणगावात. घर चालायचं मनीऑर्डरीवर. मनीऑर्डर पाठवणारा मुंबईत युनियनच्या सभा ऐकायचा, वर्तमानपत्र वाचायचा आणि मे महिन्यात गावी येऊन ते सगळं ओटीवर बसून सांगायचा. निवडणुकीत मत कुणाला, असं विचारलं तर म्हातारी म्हणायची, ‘झील मुंबयसून काय सांगता ता बघूया.’

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातले हजारो पुन्हा खात्यात उभे राहिले नाहीत. याचा कोकणावर काय परिणाम झाला, हे आपल्या राजकीय लिखाणात फारच कमी येतं. पोस्टमनची वाट पाहणारी घरं एकाएकी कोरडी पडली. लाल बावटा आणि समाजवादी युनियन या माणसांना पुन्हा कामाला लावू शकत नव्हत्या. ज्यांच्याकडे थोडीफार सोय होती ती शिवसेनेच्या शाखेकडे. बँका, विमा कंपन्या, विमानतळ इथल्या नोकऱ्यांसाठी स्थानीय लोकाधिकार समिती झगडत होती आणि १९८५ मध्ये मुंबई महापालिकाही सेनेच्या हाती आली. रुग्णालयात खाट, शाळेत प्रवेश, पोलीस ठाण्यात कुणीतरी सोबत, ही कामं शाखाप्रमुख करायचा. तोच शाखाप्रमुख गणपतीत गावी यायचा आणि वाडीत फलक लागायचा. नव्वदच्या दशकात सेना कोकणात पसरली ती लालबाग-परळच्या चाळींतून, याच वाटेने.

दंडवत्यांच्या पराभवाकडे याच नजरेने पाहावं लागतं. जनता सरकारात ते रेल्वेमंत्री होते, व्ही. पी. सिंगांच्या सरकारात अर्थमंत्री. कोकण रेल्वेचा ध्यास ज्यांनी घेतला त्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेतलं. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी राजापूरने त्यांना घरी बसवलं. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. १९९६ पासून तर सलग चार वेळा सेनेचे सुरेश प्रभू. लोक कृतघ्न झाले, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटत नाही. रेल्वे यायला १९९८ उजाडायचं होतं. घरातल्या बेकार पोराला त्याआधी आठ वर्षं काढायची होती. त्या आठ वर्षांत त्याच्यासाठी अर्ज कोण लिहिणार, हा प्रश्न घराघरात होता आणि समाजवाद्यांकडे त्याचं उत्तर उरलं नव्हतं.

जातीचा हिशोब इथेही आहेच. कुणबी, मराठा, भंडारी, गाबीत हे गणित प्रत्येक पक्ष मांडतो. पण त्याच जाती १९८९ मध्येही होत्या आणि १९९६ मध्येही. नुसत्या जातीने त्या सात वर्षांतला बदल उलगडत नाही.

दुसरा बदल सावकाश झाला आणि तो आजही पुरता संपलेला नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. चाळीतली कुटुंबं विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरला पांगली. मुलगा आता कंत्राटी नोकरी करतो किंवा पार्सलं पोचवतो. शाखाप्रमुख त्याला ओळखत नाही आणि ओळखत असला तरी देण्यासारखं हाती फार काही नाही. उलट गावात पैसा दिसू लागला. रस्त्याची कंत्राटं, चिरेखाणी, वाळू, मालवण-तारकर्लीचं पर्यटन. या सगळ्याला परवाना लागतो, निधी लागतो, तहसीलदाराकडे शब्द लागतो. तो शब्द टाकणारा नेता कणकवलीत किंवा रत्नागिरीत बसतो. त्यामुळे नेत्याने पक्ष बदलला तरी त्याच्याकडची माणसांची रांग मोडत नाही. उदय सामंत राष्ट्रवादीतून सेनेत गेले, सेना फुटल्यावर एकनाथ शिंद्यांबरोबर, आणि रत्नागिरीने प्रत्येक वेळी त्यांना निवडून दिलं. सावंतवाडीत दीपक केसरकरांचा प्रवास हाच आहे.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून सुटणाऱ्या गाड्या पाहिल्या की हे डोळ्यांना दिसतं. पूर्वी गावमंडळाचा चिटणीस वर्गणी गोळा करून एसटीचं ग्रुप बुकिंग करायचा आणि वहीत नावं लिहून घ्यायचा. आता बसच्या काचेवर नेत्याचा फोटो असतो, तिकीट फुकट असतं. नारायण राण्यांचे धाकटे चिरंजीव नितेश यांनी २०२१ मध्ये ‘मोदी एक्स्प्रेस’ नावाने आख्खी रेल्वेगाडी सोडली. नावं अजूनही चिटणीसच लिहून घेतो, पण ती यादी आता नेत्याच्या कार्यालयात जाते.

तरी चिन्हाची ताकद संपली असं नाही. मे २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लोकसभा लढतीत भाजपचं कमळ आणि ठाकरे गटाची मशाल समोरासमोर होती, धनुष्यबाण यंत्रावर नव्हताच. आता भाजपचे असलेले नारायण राणे ४७ हजारांवर मतांनी जिंकले, पण सिंधुदुर्गातल्या तीन विधानसभा क्षेत्रांच्या बळावर. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्हीत मशालीचे विनायक राऊत पुढे होते. सहा महिन्यांनी धनुष्यबाण परतला आणि रत्नागिरी, राजापूर दोन्हीकडे शिंदेसेना जिंकली. मधल्या काळात ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये खात्यात पडू लागले होते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. घर सांभाळणाऱ्या, रांगेत उभं राहून मत देणाऱ्या त्याच आहेत. मनीऑर्डरीनंतर प्रथमच त्यांच्या नावावर दरमहा ठरलेली रक्कम येऊ लागली. तिला लाच म्हणून हिणवणाऱ्यांनी त्या घरात महिन्याला रोख किती येते, हे आधी पाहावं.

मला टोचतं ते वेगळंच. या सगळ्या उलथापालथीत कोकणचा स्वतःचा प्रश्न निर्णायक ठरलेला नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे. त्या काळात प्रत्येक मोठा पक्ष सत्तेत बसून गेला. त्यामुळे रस्त्यासाठी शिक्षा करायची तर कुणाला? राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या नियोजित रिफायनरीविरुद्ध २०२३ मध्ये बाया-बापड्या कातळावर उन्हात आडव्या पडल्या. पण ती जागा केंद्राला सुचवली होती मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरे यांनीच. विधानसभेला राजापुरात त्यांचे राजन साळवी उभे होते तेही रिफायनरीच्या बाजूचे आणि समोरचे शिंदेसेनेचे किरण सामंतही. विरोध करणाऱ्या गावकऱ्याने मत द्यायचं कुणाला? पक्ष बदलण्याचं स्वातंत्र्य त्याला होतं. प्रश्नावर मत देण्याचं नव्हतं.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तरुण जाताहेत, घरं बंद पडताहेत. तरीही हजारो चाकरमान्यांनी मतदार यादीतलं आपलं नाव गावातच ठेवलं आहे. त्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी मतदानाला नेणारी फुकट गाडी दारात येईल तेव्हा तिच्यात जरूर बसा, पण गावच्या ग्रामसभेलाही स्वतःच्या पैशाने तिकीट काढून जा. रिफायनरी, रस्ता, दवाखाना यांवर तिथे ठराव करून घ्या आणि मत मागायला येईल त्याच्याकडून त्या ठरावावर हो की नाही, हे लेखी मागा.