हाड बसवण्याची घाई

गळीत हंगामात सोमेश्वरनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'हाड कधी बसवणार?' मांडीचे हाड मोडले तर आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते. म्हणून आधी रक्तदाब, वेदना आणि पायाला आधार, हाड त्यानंतर.

मे १९५३मध्ये शेजारच्या दौंडमधील एका डॉक्टरांच्या विशीतल्या मुलाचे मांडीचे हाड कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर मोडले. सुमारे दोनशे मैल टॅक्सीतून त्याला पुण्यात आणले. तिथे भूल न देता, तिघा माणसांकरवी पाय जोराने ओढून प्लास्टर घातले गेले. त्याच रात्री तो शॉकने गेला. वडिलांनी दावा लावला. पंधरा वर्षांनी, १९६८मध्ये, 'जोशी विरुद्ध गोडबोले' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. रक्कम किरकोळ, पण हा निकाल वकील आजही काढतात.

रोगी बरा झाला नाही म्हणजे हलगर्जी झाली, असे मात्र नव्हे. वाजवी काळजी घेतली का, एवढेच न्यायालय पाहते. आणि ते केसपेपरवरून कळते. आपल्याकडे तोच अर्धा कोरा असतो! मागितल्यापासून ७२ तासांत त्याची प्रत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती जरूर मागावी.

प्लास्टरनंतर वेदना वाढत गेली, बोटे बधिर किंवा निळी पडली, तर सकाळची वाट पाहू नये. प्लास्टर त्याच रात्री कापायला लावावे.