गुण कशाला म्हणावे?

व्हिडिओ गेममधील 'आरपीजी', म्हणजे भूमिका वठविण्याचा खेळ, ओळखावा कसा? आमच्या शाळेतील कोणत्याही पोराला विचारा, ठरीव उत्तर येते : "सर, त्यात पॉइंट मिळतात, लेव्हल वाढते!" जाणती माणसेही हेच सांगतात. वाचकहो, ही व्याख्या मला साफ नामंजूर आहे.

लेव्हल हीच खूण मानली, तर २००७ सालचा 'कॉल ऑफ ड्यूटी ४' हा बंदुकबाजीचा खेळही आरपीजी ठरेल. इतरांशी खेळताना त्यात माणूस टिपला की पॉइंट, पॉइंटांनी बढती, बढतीने नवी बंदूक. दुसरे काही म्हणतात, मारिओ होऊन खेळलो म्हणजे भूमिकाच झाली की! कशाची भूमिका? खड्डा आला की मारिओने उडी मारायची. मारावी का, हे त्याला कोणी विचारीत नाही.

मग ही लेव्हल आली कोठून? १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ काढला. त्यात फासे होते, आकडे होते, लेव्हलही होती. पण खेळ चालवायला एक हाडामांसाचा माणूस बसे. 'मी राक्षसाशी लढत नाही, त्याला जेवायला बोलावतो,' असे कोणी म्हटले, तरी तो त्याला उत्तर देई. पुढे खेळ संगणकात शिरला. बेरीज-वजाबाकी यंत्राला सोपी, ती आत आली. ऐकून घेणारा माणूस बाहेर राहिला. आणि आम्ही चोपडीलाच दुकान समजून बसलो!

रिचर्ड गॅरियटचा १९८५ सालचा 'अल्टिमा ४' पाहा. त्यात अखेरीस ठार करायला कोणी खलनायक नाही. सचोटी, करुणा, शौर्य, नम्रता असे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचे, शब्दही आपलाच! तेथे जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. नाणी तुम्हीच मोजून ठेवायची. कमी ठेवली तरी ती माल देते. मात्र तुमची सचोटी घटते आणि अवतारपद दूर जाते. कोणी म्हणेल, तेथेही संगणक आकडाच मांडतो ना? मांडतो, पण तो आकडा खेळाडूच्या डोळ्यांपुढे नाचत नाही.

तू कसा वागलास, असे जो खेळ विचारतो आणि त्या वागण्याची फळे भोगायला लावतो, तोच भूमिकेचा खेळ. बाकी सारे हिशेबाचे खेळ. खुशाल खेळावेत, पण त्यांना हे नाव देऊ नये.

आपल्या भाषेत मार्कांनाही गुण म्हणतात आणि सचोटीलाही गुणच. प्रगतिपुस्तकातील गुण वाचून मुलाची पारख करणाऱ्या आईबापांनी पोरांच्या व्याख्येला हसू नये. ती त्यांनी आपल्याच घरातून उचलली आहे. या दिवाळीच्या सुट्टीत मूल खेळून उठले, की कितवी लेव्हल झाली, हे विचारू नका. तेथे कोणाशी कसा वागलास, ते विचारा.