चेनची कडी घरी काढली म्हणून कारागिराची रोजी जात नाही

घड्याळ दुरुस्तीच्या धंद्यातील आपल्या बांधवांकडून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. गिऱ्हाईक नवे घड्याळ ऑनलाइन मागवते. चेन मनगटावर सैल बसते. मग त्याच ऑनलाइन बाजारातून कडी काढण्याचे प्लास्टिकचे छोटे यंत्र मागवते, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहते आणि घरच्या घरी चेन लहान करून मोकळे होते. दुकानाची पायरी चढायचे त्याला कारणच उरत नाही. "घड्याळाची विक्री आधीच गेली, आता कडी काढायचे चार पैसेही गेले," असा या तक्रारीचा सूर असतो.

तक्रार खोटी नाही. मात्र तिच्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो आम्हाला मान्य नाही. गिऱ्हाइकाला कडी काढता येऊ लागली म्हणून कारागिराचे नुकसान होते, असे म्हणणे म्हणजे घरोघरी सुई-दोरा आहे म्हणून शिंप्याचा धंदा बुडाला असे म्हणण्यासारखे आहे. बटण घरी लावले जाते, शेरवानी मात्र शिंपीच शिवतो. प्रश्न एवढाच की आपण बटण लावण्यावर जगायचे ठरवले आहे की शेरवानी शिवण्यावर?

धंदा आटला तो कशामुळे?

कडी काढण्याच्या यंत्राने हा धंदा आटवला नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, त्याच दिवशी चावीच्या घड्याळावर पोट असलेल्या कारागिराचे दिवस फिरू लागले. चावीचे घड्याळ दर काही वर्षांनी उघडून धुवावे लागे, त्याला तेल द्यावे लागे, त्याची चाल तपासावी लागे. क्वार्ट्झला मुख्यतः सेल लागतो. आपल्या देशात एचएमटीने १९६१ साली सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि दोन पिढ्यांच्या कारागिरांना काम पुरवले. पुढे १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झचा झपाटा लावला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्यास मंजुरी दिली. मधल्या काळात वेळ सांगण्याचे काम मोबाइलने घेतले.

इतके सारे होऊनही लोक मनगटी घड्याळ घेतातच. आता ते वेळेपेक्षा शोभेसाठी घेतात, लग्नात भेट म्हणून देतात, पहिल्या पगाराची आठवण म्हणून घेतात. शोभेच्या घड्याळाला बहुधा धातूची चेन असते. म्हणजे सेल, काच, पट्टा आणि चेन ही चार कामे आज दुकानाचा दरवाजा आहेत. दरवाजातून माणूस आत आला तरच तो आजोबांचे बंद पडलेले घड्याळ खिशातून काढून दाखवतो. खरी चिंता करायची तर त्या दरवाजाची करावी.

घरी होणारे काम कोणते?

साधी, पिनेची चेन घरी लहान करता येते, हे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे. इतकेच नव्हे, ती कशी करावी हे विचारणाऱ्याला नीट सांगावे. चुकीचे शिकून आलेले गिऱ्हाईक मोडलेली चेन घेऊन येते आणि तेव्हा त्याचेही नुकसान होते व आपलीही कटकट वाढते.

पहिली गोष्ट, कडी काढण्याआधी लॉक पाहावे. बहुतेक चेनच्या लॉकच्या कडेला दोन ते चार बारीक भोके असतात. त्यात बसलेली स्प्रिंगची पिन दाबून शेजारच्या भोकात सरकवली की थोडाफार फरक पडतो. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते आणि कडीला हात लावावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, माप. चेन मनगटावर घालून लॉक लावावे आणि खालच्या बाजूला जमा होणारी ढील चिमटीत धरून किती कड्या जास्त आहेत ते मोजावे. करंगळी आत सरकेल इतकी जागा राहू द्यावी. उन्हाळ्यात आणि कष्टाचे काम करताना मनगट फुगते. सकाळच्या थंडीत घेतलेले माप दुपारी आवळते. वजूच्या वेळी घड्याळ सरकवून खाली पाणी पोहोचवणाऱ्यांनी तर फार आवळ चेन ठेवूच नये. जितक्या कड्या काढायच्या तितक्या लॉकच्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढाव्यात. सगळ्या एकाच बाजूच्या काढल्या की लॉक मनगटाच्या कडेला येते आणि घड्याळ सतत एका अंगाला झुकते.

तिसरी गोष्ट, बाण. चेनच्या आतल्या अंगाला काही कड्यांवर बारीक बाण कोरलेले असतात. ज्या कड्यांवर बाण, त्याच निघतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि बसवताना बाणाच्या उलट दिशेने आत घालायची. चिरलेली पिन असेल तर तिचे अखंड टोक आधी आत जाते आणि चिरलेले टोक शेवटी. पिन कडीत घट्ट बसते ती या चिरलेल्या टोकाच्या दाबामुळे. उलट घातलेली पिन आज बसल्यासारखी वाटते आणि काही दिवसांनी सरकू लागते.

चौथी गोष्ट, आधार. चेन लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या खाचेत उभी धरावी, खाली कडा असलेले ताट व त्यात फडके असावे, कारण उडालेली पिन फरशीवर सापडत नाही. घड्याळाच्या डबीवर हातोडीचा हादरा जाऊ देऊ नये. चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळात तोल चाकाची टोके केसासारखी बारीक असतात. ती अशा हादऱ्याने दुखावतात. शक्य असेल तर चेन डबीपासून सोडवूनच काम करावे.

शेवटी, पिन बसल्यावर दोन्ही कडांवरून नखाने हात फिरवावा. काही टोचले नाही आणि चेन दोन हातांनी ओढून सांधा हलला नाही, तर काम झाले. काढलेल्या कड्या व पिना एका पुडीत घालून घड्याळाच्या पावतीबरोबर ठेवाव्यात. वजन वाढते, मनगट भरते, घड्याळ बापाकडून मुलाकडे जाते. त्या वेळी तीच कडी लागते आणि ती बाजारात सहसा मिळत नाही.

घरी न होणारे काम

एवढे सांगितल्यावर गिऱ्हाइकाला दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगावी. सगळ्या चेन साध्या पिनेच्या नसतात. काही चेनच्या कडीत पिनेबरोबर एक इवलीशी नळी असते, जिला कॉलर म्हणतात. पिन निघताच ती नकळत गळून पडते आणि तिच्याशिवाय घातलेली पिन कशालाच धरून राहत नाही. असे घड्याळ चालत्या मोटारसायकलवरून पडले तर दोष कोणाला द्यायचा?

महागड्या चेनमध्ये पिनेऐवजी स्क्रू असतो. कडेला खाच दिसली की हातोडी खाली ठेवावी. खाचेच्या मापाचा पेचकस नसेल तर खाच झिजते आणि मग स्क्रू कोणालाच निघत नाही. कधी तो चिकट द्रव लावून पक्का केलेला असतो आणि नेमकी ऊब दिल्याशिवाय हलत नाही. जुन्या घड्याळांच्या चेन पत्रा दुमडून केलेल्या, आतून पोकळ असतात. त्यांच्या जिभल्या एक-दोनदा उघडल्या की तुटतात. आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या स्प्रिंगच्या चेनचे तंत्र तर वेगळेच. घामाने व मळाने गंजून बसलेली पिन, मोडून आत अडकलेली पिन, सैल झालेले लॉक ही सारी कसलेल्या हाताची कामे आहेत. या कामांचा मोबदला मागताना कारागिराने संकोच करू नये, आणि गिऱ्हाइकाने घासाघीस करू नये.

आपल्या घरातला दोष

परंतु गिऱ्हाईक घरी यंत्र का मागवते याचा विचार आपण प्रामाणिकपणे केला पाहिजे. प्रत्येक वेळी पैसे वाचवण्यासाठीच ते तसे करते असे नाही. कित्येक दुकानांत आजही चेनची पिन टोकदार खिळ्याने ठोकून काढली जाते. खिळा घसरतो, चकचकीत कडीवर ओरखडा उठतो आणि "तो आधीचाच होता" असे सांगितले जाते. काढलेल्या कड्या परत दिल्या जात नाहीत. मागितल्या तर गल्ल्याखालून भलत्याच चेनची कडी निघते. कामाचा दर पाटीवर नसतो. घड्याळ साधे दिसले तर एक दर, गिऱ्हाइकाचे कपडे चांगले दिसले तर दुसरा. ज्याला एकदा असा अनुभव आला तो पुन्हा का येईल? त्याचा आपल्या हातावरचा भरवसा उडाला, म्हणून त्याने यंत्र विकत घेतले.

कोणी म्हणेल, आज कडी शिकवली तर उद्या लोक सेलही घरी बदलतील. बदलू देत. पाठीचे झाकण नीट बसले नाही, रबराची रिंग चिमटली गेली आणि पहिल्या पावसात काचेखाली वाफ धरली की तेच घड्याळ टेबलावर येईल. त्या वेळी तो माणूस कोणाकडे जाईल? ज्याने त्याला कडी काढण्याची खरी रीत सांगितली होती त्याच्याकडे. ज्ञान लपवून ठेवल्याने धंदा टिकण्याचा काळ मोबाइलने संपवला आहे. आता टिकेल तो भरवसा.

काय करता येईल?

कामांचे दर पाटीवर लिहावेत. साध्या पिनेची चेन, कॉलरची चेन, स्क्रूची चेन, अडकलेली पिन असे चार निरनिराळे दर असावेत. आपल्याकडून चेन घेणाऱ्याला पहिले माप विनामूल्य करून द्यावे. काढलेल्या कड्या न मागता पुडीत घालून, वर दुकानाचा शिक्का मारून परत द्याव्यात. ती पुडी गिऱ्हाइकाच्या कपाटात वर्षानुवर्षे राहते. इतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही.

वेगवेगळ्या लांबीच्या व जाडीच्या पिना सुट्या विकाव्यात. घरी काम करणाऱ्याची पिन हमखास हरवते आणि त्याला शंभर पिनांचा डबा नको असतो, एक पिन हवी असते. कडी काढण्याचे यंत्रही आपणच ठेवावे आणि विकताना दोन मिनिटे देऊन ते कसे वापरावे ते दाखवावे. हाताखालच्या मुलाच्या हाती खिळा देऊ नये. बारीक टोकाचा पंच, आधाराचा ठोकळा आणि मापाचे पेचकस यांना फार मोठे भांडवल लागत नाही. चेनचे काम हा त्या मुलाचा पहिला धडा आहे. तो आळसाने शिकवला तर पुढचे सारे शिक्षण आळसाचे होते.

आणखी एक गोष्ट सामुदायिक आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत हाताने काम करणाऱ्या कारागिरांचे १८ व्यवसाय घेतले. प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाचे कर्ज, असे तिचे स्वरूप ठरले. त्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, चर्मकार आहेत, कुलपे बनवणारेसुद्धा आहेत. घड्याळ दुरुस्त करणारा मात्र नाही. कुलपाच्या कारागिराला जे लागू पडते ते घड्याळाच्या कारागिराला का लागू पडू नये? ही मागणी एकट्या दुकानदाराने करून कोणी ऐकणार नाही. गावोगावच्या घड्याळ कारागिरांनी एकत्र येऊन, आपली यादी करून, ती लोकप्रतिनिधींपुढे मांडली पाहिजे. आपली संघटना नाही म्हणून आपले नाव यादीत नाही, ही सरळ गोष्ट आहे.

कडी काढून मिळणारे पन्नास-शंभर रुपये कमी झाले, याचे दुःख लहान दुकानाला जाणवते हे आम्ही जाणतो. रोजच्या खर्चात तेवढ्या रकमेलाही किंमत असते. पण त्या रकमेसाठी गिऱ्हाइकाशी फटकून वागलो तर त्याच्यामागून येणारे मोठे काम आपण स्वतःच परतवून लावू. घरी कडी काढणारा माणूस घड्याळाची काळजी घेणारा माणूस असतो. ज्याला आपल्या घड्याळाची काळजी नाही, तो ते बंद पडताच कपाटात टाकतो आणि दुरुस्तीला कधीच आणत नाही. या दोघांपैकी आपले खरे गिऱ्हाईक कोणते, हे ओळखले की तक्रार करण्याचे कारण उरत नाही.