सायकलफेरीचा मार्ग कोणी आखावा?

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात आता जुन्या पेठांतून मार्गदर्शकासह सायकलफेऱ्या निघतात. या उपक्रमाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. बसमधून शहर नुसते दिसते; सायकलीवरून उतरून वाड्याच्या दारात उभे राहता येते. परंतु फेरी कोठे थांबते, यावरच कोणता इतिहास सांगितला जाणार हे ठरते.

शनिवारवाडा अवश्य पाहावा. मात्र तेथून काही मिनिटांच्या अंतरावर, बुधवार पेठेत, भिडेवाडा होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली तेथे मुलींची शाळा सुरू केली. ती जीर्ण वास्तू राष्ट्रीय स्मारकासाठी २०२३ मध्ये पाडण्यात आली. वास्तू उरली नाही, तेव्हा तिची कथा सांगणाऱ्याची जबाबदारी वाढते. पुढे गंज पेठेत, म्हणजेच आजच्या महात्मा फुले पेठेत, फुलेवाडा आहे. आपल्या घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला, तो येथेच. त्या हौदापाशी उभ्या राहिलेल्या मुलाला समतेची व्याख्या निराळी शिकवावी लागत नाही.

म्हणून पुण्यात स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आमची नम्र सूचना आहे. दरवर्षी ३ जानेवारीस, सावित्रीबाईंच्या जयंतीदिनी, त्यांनी वसतिगृहातील मुलामुलींसाठी अशी फेरी काढावी. मार्ग आपण आखावा, मार्गदर्शकही आपल्यातलाच असावा. इतरांच्या फेरीत आपले थांबे नाहीत, अशी खंत करीत बसण्यापेक्षा हे अधिक उचित होय.