थरथराट, सेन्सर आणि आपला खिसा

सिग्नल लाल असतो, एसी चालू असतो, एफएमवर झक्कास गाणं लागलेलं असतं आणि तेवढ्यात गाडीला हुडहुडी भरते. स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा सहाशेवर घसरतो, मग अकराशेवर उडी मारतो. सिग्नल हिरवा होतो आणि नेमकं त्याच क्षणी इंजिन बंद! मागचे हॉर्न काय वाजतात, ते सांगायला नकोच.

गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग मारणं’ किंवा ‘रेस वर-खाली होणं’ म्हणतात. गरम झालेलं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर शांत चालायला हवं. तसं चालत नसेल, तर हल्ली पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘मॅडम, सेन्सर गेलाय.’ प्रश्न असा की, कुठला सेन्सर आणि कशावरून?

फंडा सोपा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे गणित इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सतत मांडत असतो. आत किती हवा आली ते मास एअर फ्लो किंवा मॅप सेन्सर सांगतो. इंजिन किती तापलंय ते कूलंट सेन्सर, आणि जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते ऑक्सिजन सेन्सर. एकाने जरी थाप मारली, तरी ईसीयू चुकीचं पेट्रोल सोडतो. हायवेवर ते खपून जातं. सिग्नलला मात्र हवा आणि पेट्रोल दोन्ही इतकं कमी असतं, की थोडीशी गडबडही जाणवते.

आता माझ्याच सेकंडहॅण्ड सेडानची गोष्ट. चेक इंजिनचा दिवा लागला होता. एका गॅरेजात स्कॅनर लावला, कोड आला पी ०१७१. लगेच निदान झालं, ऑक्सिजन सेन्सर बदला, सहा हजार रुपये. फ्रीलान्सरच्या महिन्यात सहा हजार म्हणजे काय, हे चेक वेळेवर न मिळणाऱ्यांनाच कळेल. म्हणून मी ‘उद्या सांगते’ म्हटलं आणि आमच्या सोसायटीमागच्या मेकॅनिक काकांकडे गेले.

काकांनी कोड बघितला आणि हसले. ‘ताई, हा कोड म्हणतोय की इंजिनाला हवा जास्त, पेट्रोल कमी पडतंय. ही चुगली सेन्सरनेच केली ना? मग तो तर कामावर आहे! चुगली करणाऱ्यालाच कशाला हाकलायचं?’

मग त्यांनी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघितलं. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. दहाच्या आत असला तर सहसा काळजी नसते. माझ्या गाडीत उभ्या इंजिनाला तो २२ होता, आणि २५०० आरपीएमला फक्त ५. काका म्हणाले, ‘कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. रेस वाढली की खरी हवा इतकी येते की चोरटीचा हिशेब लागत नाही.’ बॉनेटखाली इनटेकला जाणारा बोटाएवढा रबरी पाइप तडकला होता. पाइप बदलला, कोड पुसला, काटा साडेसातशेवर गपगुमान बसला. खर्च? मित्रांबरोबरच्या एका पिझ्झापेक्षा कमी.

उलट रेस वाढवल्यावर आकडा चढत गेला असता, तर संशय मळलेल्या मास एअर फ्लो सेन्सरवर किंवा दमलेल्या फ्युएल पंपावर गेला असता. हा सेन्सर कधी कधी नुसत्या सफाईने सुधारतो. पण त्यासाठी त्याचाच खास स्प्रे लागतो. कापड, बोट, कार्ब क्लीनर यांतलं काहीही लावायचं नाही. आतली तार नाजूक असते. स्प्रे पूर्ण वाळल्यावरच सेन्सर परत बसवायचा.

कूलंट सेन्सरची परीक्षा तर चहा पिता पिता होते. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा. कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. कूलंट उणे ४० दाखवत असेल, तर पुण्यात बर्फ पडलेला नाही, वायर किंवा कनेक्टर तुटलाय! अशा वेळी ईसीयू इंजिन गारठलंय समजून पेट्रोल ओतत बसतो.

हे बघायला मोठी मशिनरी लागत नाही. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइलवरचं अॅप एवढं पुरतं. आणि काटा स्थिर असूनही गाडी हलत असेल, तर सेन्सर सोडा, इंजिन माउंटिंग तपासा. प्लग आणि थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन हेही जुने संशयित आहेतच.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं, की स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. घाटाच्या उतारावर हे परवडणारं नाही. चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल, तर मिसिंग इतकं आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. गाडी बाजूला घ्या.

बाकी वेळी गॅरेजात एकच करा. ‘सेन्सर गेलाय’ ऐकलं की गोड हसून विचारा, ‘रीडिंग किती आलं?’ उत्तरात आकडा आला तर खुशाल पैसे मोजा. नुसता खांदा उडाला, तर गाडीची किल्ली मागून घ्या.