टेन्शन, जागरण आणि घरातली समता



वस्तीत कुणालाही खुशाली विचारा, उत्तर एकच : "लई टेन्शन हाय." फायनान्सचा हप्ता, पोराची फी, उद्या नाक्यावर काम मिळेल की नाही याची धास्ती. ही कारणे खोटी नाहीत. म्हणून "मन खंबीर ठेवा" असा कोरडा उपदेश मी करणार नाही. पण ताण झेलते ते शरीर. ते आधीच उपाशी आणि जागरणाने थकलेले असेल, तर छोटा धक्काही मोठा बसतो.

आधी झोप. मोठ्या माणसाला किमान 7 तास, दहावी-बारावीच्या मुलांना 8 तास तरी झोप लागते. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने लातूर-नांदेडात खोली करून राहणारी आपली मुले चहावर रात्री काढतात. जयंतीला आपण 18 तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. अभिवादन म्हणून एक दिवस ठीक. रोजचे वेळापत्रक म्हणून नको. वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. बाबासाहेबांच्या जागरणाचे दाखले देताना त्यांचा मधुमेह, पायांच्या वेदना, आणि वयाच्या 65 व्या वर्षी झालेले महापरिनिर्वाणही मुलांना सांगा. त्यांना उसंत नव्हती. आपल्या मुलांना ती देणे आपल्या हातात आहे.

दुसरे, घरातली बाई. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. धडधड, धाप, चक्कर, चिडचिड ही त्याचीही लक्षणे असतात. घरात मात्र त्याला "टेन्शन" म्हणून सोडून देतात. ती सगळ्यात शेवटी, उरलेले जेवते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आजही पाणी अवेळी आले की घागर घेऊन उठते ती बाईच. आणि अशक्तपणा आला की आपण सलाईन लावून घेतो! सलाईनने रक्त वाढत नाही. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या घ्या. गोळीबरोबर आणि जेवणाला लागून चहा नको. तो लोह अंगी लागू देत नाही.

तिसरे, मशेरी, तंबाखू, गुटखा, दारू. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. तंबाखूने बरे वाटते, कारण तलफेची बेचैनी तेवढ्यापुरती शमते. ती बेचैनी लावलेली असते तंबाखूनेच. दारूने डोळा लागतो, पण झोप मध्येच मोडते आणि सकाळी काळजी दुप्पट होते. पाचवे शील नुसते म्हणण्यासाठी नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात; सरकारी दवाखान्यात दाखवूनच सोडवा.

सवयी बदलल्याने हप्ता माफ होत नाही, जातीचा अपमानही थांबत नाही. मजुरी, पाणी, दवाखाना यांसाठी संघर्ष करावाच लागेल. पण थकलेली माणसे फार काळ लढू शकत नाहीत. म्हणून माझ्या मते झोप आणि जेवण हाही समतेचा प्रश्न आहे. जे घर विहारात समता म्हणते, त्या घरात बाई सगळ्यांबरोबर जेवायला बसली पाहिजे आणि पाण्याची पाळी पुरुषांनीही घेतली पाहिजे.

विहार समित्यांना विनंती : रात्री 10 नंतर स्पीकर बंद ठेवा. विहारात अभ्यासिका चालवा, पण मुलांना वेळेवर घरी पाठवा. रविवारी वंदनेनंतर 10 मिनिटे आनापानसती घ्या.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, रडू येत राहिले किंवा जीव नकोसा वाटला, तर 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर आजच लिहा.