मागील किंमत आणि आजचा सौदा

घर घेणें हा मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या आयुष्यांत बहुधा एकदांच घडणारा व्यवहार. साडीसाठीं दहा दुकानें पालथीं घालणारीं आमचीं माणसें घर मात्र मध्यस्थाच्या एका शब्दावर घेतात, ही आमची जुनी तक्रार आहे. परंतु गेल्या दिवाळीस वाशीमचे आमचे एक स्नेही भेटले, त्यांनीं अगदीं दुसऱ्या टोकाची हकीकत सांगितली.

हे स्नेही रिसोड तालुक्यांतील शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक. सारा जन्म भाड्याच्या घरांत गेला. म्हातारपणीं दवाखाना व आगगाडी जवळ असावी म्हणून त्यांनीं वाशीम येथें एक बांधलेलें घर पसंत केलें. मालकानें शेहेचाळीस लाख रुपये सांगितले. भविष्यनिर्वाह निधीची सगळी पुंजी आणि वहिनींचे थोडे दागिने मिळूनही बेरीज तेथपर्यंत पोंचत नव्हती. चिरंजीव इंग्लंडांत असतात, त्यांनीं दूरध्वनीवर विचारलें, "बाबा, त्या घराची मागची किंमत पाहिलीत का?" इंग्लंड व वेल्समध्यें १९९५ पासूनच्या घरविक्रीच्या किमती तेथील सरकारी नोंदणी खात्यानें कोणासही फुकट पाहतां येतील अशा ठेविल्या आहेत. गुरुजींस वाटलें, आपल्याकडे असें कोठलें!

आपल्याकडे तें आहे, आणि जुनें आहे. इंग्लंडांतील जमिनींचा नोंदपट सामान्य माणसास १९९० सालीं खुला झाला. आमच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यांत मात्र स्थावराच्या दस्तांचें पुस्तक व त्याच्या सूची फी भरून कोणासही पाहतां याव्यात, असें ५७ वें कलम आरंभापासून आहे. पूर्वीं त्यासाठीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत खेटे घालावे लागत. आतां नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष, जिल्हा, तालुका, गांव आणि मिळकतीचा क्रमांक भरला कीं संगणकावर नोंदलेल्या दस्तांची 'सूची क्रमांक दोन' घरबसल्या दिसते. एकेक वर्ष निराळें शोधावें लागतें. एकच घर एका दस्तांत गट क्रमांकानें, दुसऱ्यांत प्लॉट क्रमांकानें, तर तिसऱ्यांत नगर परिषदेच्या घर क्रमांकानें लिहिलेलें असतें. म्हणून माहीत असतील ते सारे क्रमांक घालून पाहावें. एका क्रमांकावर कांहीं सांपडलें नाहीं, एवढ्यावरून व्यवहारच झाला नाहीं असें समजूं नये.

गुरुजींस सांपडलें. मालकानें तें घर २०११ सालीं नऊ लाखांस घेतल्याची नोंद होती. झालें! कागद छापून घेऊन गुरुजी तडक मालकाच्या ओसरीवर गेले व म्हणाले, "नऊ लाखांचें घर शेहेचाळीसला?" मालक दुखावला. "गुरुजी, तेव्हां वरची माडी नव्हती, कीं समोर डांबरी रस्ता नव्हता," एवढेंच बोलून तो आंत निघून गेला. सौदा तेथेंच मोडावयाचा, पण वहिनींनीं दुसऱ्या दिवशीं मालकाच्या पत्नीकडे जाऊन सांवरून घेतलें.

आमच्या मतें यांत गुरुजींची चूक नोंद पाहण्याची नव्हती. कायद्यानें जें उघडें ठेविलें तें पाहणें म्हणजे शेजाऱ्याच्या चुलींत डोकावणें नव्हे. चूक झाली ती तो कागद दुसऱ्याच्या तोंडासमोर नाचविण्यांत. आणि त्याहून मोठी, एका आकड्यास किंमत समजण्यांत.

सूचींत आकडे दोन असतात, 'मोबदला' व 'बाजारभाव'. त्यांतला दुसरा शब्द मोठा फसवा आहे. हा बाजारांतला भाव नव्हे. तो सरकारच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यावरून, म्हणजे ज्यास आपण रेडीरेकनर म्हणतों त्यावरून, काढलेला असतो. दोहोंपैकीं जो अधिक त्यावर मुद्रांक शुल्क बसतें. २०२३ व २०२४ या दोन्ही सालीं हे दर बदललेच नाहींत. १ एप्रिल २०२५ रोजीं ते वाढले, नगर परिषदांच्या हद्दींत सरासरीनें ४.९७ टक्के. केवळ हा रकाना वाचणाऱ्यास वाटेल कीं तितका काळ वाशीमांत घरांचे भाव गोठून राहिले होते! ज्या काळांत जिल्ह्यांतील मालेगांव, मंगरुळपीर व कारंजा तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग वाहता झाला (नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला), त्या काळांत भाव गोठतील कसे? उलट त्याच महामार्गासाठीं सरकारनें संमतीनें घेतलेल्या जमिनींचींही खरेदीखतें आहेत. त्यांत मोबदला बाजारमूल्याच्या कित्येक पट दिलेला आहे. तो आकडा धरून शेजारच्या प्लॉटचा भाव सांगणारे मध्यस्थही कमी नाहींत.

मग भरंवसा कशावर ठेवावा? गुरुजींनीं पुढें जें केलें तें आम्हांस पसंत पडलें. त्याच गल्लींतील अलीकडचे चार दस्त त्यांनीं काढले. एक बक्षीसपत्र निघालें, बापानें मुलास दिलेलें. तें बाजूस ठेविलें. दोहोंत मोबदला व सरकारी मूल्य यांत हजार-पांचशेंचेंच अंतर होतें. असें जुळणारें जोडपें दिसलें कीं समजावें, ही खरी किंमत बहुधा नव्हे; शुल्कापुरता लिहिलेला आकडा आहे. चौथें घर २०२४ सालीं एका नोकरदारानें बँकेचें कर्ज काढून घेतलेलें. कर्ज देणारी बँक दस्तावरील रक्कम पाहते, म्हणून अशा दस्तांत खरी रक्कम लिहिण्याकडे कल असतो. त्यांत मोबदला सरकारी मूल्याहून पुष्कळ अधिक होता. त्यावरून चौरस फुटाचा दर काढून, बांधकामाचें वय वजा करून, गुरुजींनीं एकेचाळीस लाख सांगितले. या वेळीं कागद खिशांतच ठेविला. मालकानें घासाघीस न करतां होकार दिला.

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. मध्यस्थ म्हणाला, "दस्तावर अठ्ठावीस लिहूं, सरकारी मूल्य तेवढेंच आहे. तेरा लाख हातोहात. शुल्क वांचेल, सगळे असेंच करितात." सहा महिने नोंदी खोट्या म्हणून चडफडणारे गुरुजी क्षणभर घुटमळले, हें त्यांनींच आम्हांस सांगितलें. वहिनी म्हणाल्या, "अहो, २०११ चे नऊ लाख वाचून तुम्ही फसलांत ना? मग आपले अठ्ठावीस वाचून उद्यां कोण फसेल?"

कायद्याचें म्हणाल तर १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार वा अधिक रुपये रोख घेण्यास मनाई आहे, व घेणाऱ्यास तितकाच दंड होऊं शकतो. शिवाय पुढें मुलानें घर विकलें तर त्याची खरेदी अठ्ठावीसचीच धरली जाईल, आणि न झालेल्या नफ्यावर कर द्यावा लागेल. शुल्काची टोंचणी कमी करण्यास सरळ वाटही होती. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रांत राहतें घर स्त्रीच्या नांवें घेतल्यास मुद्रांक शुल्कांत एक टक्का सवलत मिळते. एकेचाळीस लाखांवर ते एकेचाळीस हजार होतात. आमच्या कित्येक सुशिक्षित घरांत ही गोष्ट अजून माहीत नाहीं, कीं माहीत असून पुरुषांस सोयीची वाटत नाहीं, कोण जाणे.

दस्त वहिनींच्या नांवें झाला, एकेचाळीस लाखांचाच. महिन्यानें समोरच्या घरचे गृहस्थ आले. त्यांस मुलीसाठीं त्याच गल्लींत घर पाहावयाचें होतें, आणि सूचींतील तो आकडा त्यांस फार वाटत होता. "गुरुजी, एकेचाळीस खरे का हो?" त्यांनीं विचारलें. गुरुजींनीं होय म्हटलें, आणि वहिनींनीं आंत चहाचें आधण ठेविलें.